बाळ रडलं म्हणजे दूध पुरत नाही? साताऱ्याच्या काकूंना उत्तर

नमस्कार काकू,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि रागाने लिहिलेली आहे. दोन ओळींत तिची बोळवण करायला नको, म्हणून वेगळंच लिहिते. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकूंच्या सुनेचं सिझर झालं. दवाखान्यातल्या तिसऱ्या रात्री बाळ काही केल्या गप्प बसेना. ‘पहिले सहा महिने फक्त आईचं दूध’ हे माझ्या लेखातलं वाक्य धरून सून वरचं दूध द्यायला तयार होईना. पहाटे तीनला मुलाने खालच्या मेडिकलमधून पावडरचा डबा आणला, बाळ ६० मिली प्यायलं आणि चार तास गाढ झोपलं. काकूंचं म्हणणं, “म्हणजे लेकरू उपाशीच होतं की! तुमचे पुस्तकी हट्ट आणि आमच्या घरात रडारड.” शिवाय पंपाने जेमतेम १० मिली निघालं, सुनेच्या निपलना चिरा पडल्या आहेत, ती अळिवाचे लाडू खात नाही, आणि “आम्ही मध चाटवला, गुटी दिली, उन्हाळ्यात पाणी पाजलं, आमची मुलं वाढलीच ना?” बाळ आता ११ दिवसांचं आहे आणि दिवसातून तीन-चारदा पावडर चालू आहे.

काकू, त्या रात्री तुम्ही नातवाला उपाशी ठेवायला नकार दिलात, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. भुकेल्या बाळाला पाजायचंच असतं. त्याच लेखात ‘डॉक्टरांनी सांगितलं तर वरचं दूध जरूर द्या’ हेही आहे, पण पहाटे तीनला कोणी शेवटपर्यंत वाचत नाही, हे मान्य. माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे, की बाळ भुकेलं आहे हे ठरवलं कशावरून? रडण्यावरून आणि नंतरच्या झोपेवरून. या दोन्हींवरून दुधाचा अंदाज येत नाही.

दुसरी-तिसरी रात्र जवळजवळ प्रत्येक घरात अशीच जाते. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी ५ ते ७ मिली चीक, म्हणजे सुरुवातीचं घट्ट दूध पितं, आणि तेवढा त्याला पुरतो. मग ते जागं होतं आणि सारखं अंगावर मागायला लागतं. तासात तीनदासुद्धा. ते वेडेपणा करत नसतं, त्या ओढण्यानेच पुढचं दूध तयार व्हायला लागतं. नेहमीच्या बाळंतपणात दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझरनंतर कधी कधी आणखी एखादा दिवस जातो. म्हणजे तुमची तिसरी रात्र नेमकी छाती भरून येण्याच्या उंबरठ्यावरची होती. आणि झोपेचं म्हणाल, तर तिसऱ्या दिवशी एका वेळी १५ ते ३० मिली पुष्कळ होतं. ६० मिली पोटात गेल्यावर कुठलंही बाळ झोपणार. त्यात पावडरचं दूध आईच्या दुधापेक्षा पचायला जड. पोट तुडुंब भरलं एवढंच त्या झोपेवरून कळतं.

मग बघायचं काय? लंगोट बघायचं. यात तुमचा हात धरणारं कोणी नाही. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन वेळा सू, आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा, फिकट रंगाची. शी आधी काळी चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी पातळ. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल, किंवा लंगोटावर विटकरी डाग अजून पडत असतील, तर दूध पोटात कमी जातंय असं धरायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या विटकरी डागाला घाबरायला नको. पहिला आठवडा डायपरऐवजी सुती लंगोट वापरा असं मी म्हणते ते यासाठीच. डायपरमध्ये दोनदा झाली की चारदा, कळतच नाही.

दुसरं वजन. जन्मानंतर प्रत्येक बाळाचं वजन उतरतं. ३ किलोचं बाळ तिसऱ्या दिवशी २ किलो ८०० भरलं तर ते नेहमीचं. २ किलो ७०० वर आलं, म्हणजे १० टक्के उतरलं, की गप्प बसायचं नाही. तिथे बालरोगतज्ज्ञांनी बाळ आणि पाजणं दोन्ही तपासायचं आणि गरज वाटली तर वरचं दूध सुरू करायचं. सिझरच्या वेळी आईला बरंच सलाईन जातं, त्यामुळे काही बाळांचं जन्माचं वजन थोडं फुगलेलं असतं आणि पहिल्या दिवसाची घट मोठी दिसते, हेही डॉक्टर लक्षात घेतात. तुम्ही तर दवाखान्यातच होतात. ड्युटीवरच्या सिस्टरना “बाळाचं वजन करा आणि पाजताना एकदा बघा” एवढं सांगितलं असतं तरी मेडिकल गाठायचं की नाही, हे दहा मिनिटांत कळलं असतं. बाळ मलूल पडलंय, पाजायलाही उठत नाही, पिवळेपणा पायांपर्यंत उतरलाय, अंग तापलंय, असं काही असेल तर मात्र माझा लेख नको आणि शेजारणीचा सल्लाही नको, सरळ दवाखाना.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय: निपलना चिरा पडल्यात. “पहिलटकरणीला दुखतंच” असं म्हणून घरोघरी हे सोडून दिलं जातं. बाळाने नीट तोंडात घेतलं असेल तर पहिले काही क्षण ओढ जाणवते, पण चिरा पडत नाहीत. चिरा म्हणजे बाळ नुसत्या निपलला लटकलंय. तसं असलं की आईला दुखतं आणि बाळाला दूधही कमी येतं. ते तासभर तोंडात धरून बसतं आणि तरी रडतं. तुमच्या तिसऱ्या रात्रीचं उत्तर बहुतेक इथे आहे.

उद्या सून पाजत असताना तिच्या खांद्याजवळ उभ्या राहा आणि वरून बघा. बाळाची हनुवटी छातीत रुतलेली हवी, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर उलटलेला. निपलभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे जास्त दिसायला हवा, खाली जवळजवळ नाहीच. जबडा कानापर्यंत हलताना दिसतो आणि दोन-तीन ओढींनंतर गिळल्याचा हलका आवाज येतो. नुसते भराभर चुक्-चुक् आवाज येत असतील आणि गालांना खळगे पडत असतील, तर ते पिणं नाही. पाजून झाल्यावर निपल गोल दिसायला हवं. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं एका बाजूने तिरकं चेपलेलं निघालं, तर पकड चुकली.

सुधारायचं असं. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं, बोटं कानांमागे, तळहात मानेला आणि खांद्यांना. डोकं मागून दाबायचं नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं. निपल बाळाच्या नाकासमोर धरायचं आणि वाट बघायची. बाळ मोठा आ करेपर्यंत थांबायचं, ही वाट बघणंच सगळ्यांना जड जातं. आ केला की हनुवटी आधी टेकवून झटकन जवळ घ्यायचं. छाती बाळाकडे न्यायची नाही, बाळ छातीकडे आणायचं. टाके दुखत असतील तर बाळ बगलेखालून धरावं किंवा कुशीवर आडवं होऊन पाजावं. दुखलं तर ओढून काढू नका, बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे याच विषयावरचे व्हिडिओ मराठीतही आहेत. सुनेसोबत तुम्हीही बघा. वाचून जे अर्धं कळतं ते तिथे डोळ्यांना दिसतं.

पंपाचं फार मनावर घेऊ नका. सुरुवातीचं दूध घट्ट आणि थोडं, ते पंपाच्या नळीलाच चिकटतं. तिसऱ्या दिवशी १० मिली निघालं हे खरं तर बरं आहे. त्या दिवसांत हाताने पिळून चमच्यात घेतलेलं जास्त निघतं. शिवाय नीट लागलेलं बाळ जेवढं ओढतं तेवढं मशीन ओढू शकत नाही. पंपाच्या बाटलीवरच्या आकड्याने किती बायकांचा धीर सुटलाय, काय सांगू.

वरचं दूध लागलंच तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्याकडे ते चालूच आहे. आधी आईचंच पिळून काढलेलं. ते नसेल आणि बाळ नाजूक असेल, तर दवाखान्यातल्या दुग्धपेढीचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं. मुंबईच्या सायन रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून आहे, आशियातली ती पहिली. नंतर पावडर, डॉक्टरांनी सांगितलेली, डब्यावरच्या मापानेच. डबा पुरावा म्हणून पातळ करायची नाही. पाणी उकळलेलं आणि चांगलं गरम असतानाच पावडर घालायची, मग निववून द्यायचं. गाईचं, म्हशीचं दूध वर्षाच्या आत नको, पाणी घालूनही नको. बाटलीऐवजी वाटी-चमचा, किंवा माळ्यावरचं तुमचं जुनं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं काढा, ते पाण्यात चांगलं उकळून घ्या. आणि ज्या ज्या वेळी वरचं पाजाल, त्या त्या वेळी सुनेने छाती रिकामी करायची. छाती रिकामी झाली तरच नवं दूध भरतं. पावडर सुरू झाल्यावर दूध आटतं ते पावडरीच्या दोषाने नाही, तेवढ्या वेळा छातीवर बाळ लागत नाही म्हणून.

मधाबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या रुजू शकतात, आणि मग बाळाचे स्नायू लुळे पडत जातात, श्वाससुद्धा. क्वचित होतं, पण झालं तर आयसीयू. “आमच्या मुलांना काही झालं नाही” हे ज्यांच्या मुलांना झालं नाही त्याच सांगतात, काकू. पाण्याचं सोपं आहे. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, साताऱ्याच्या मे महिन्यातही बाळाला तेवढं पुरतं. वेगळं पाणी पाजलं की पोट भरतं आणि दुधाची एक पाळी चुकते. गुटीत जायफळ, वेखंड किती वळसे घासलं गेलं याला माप नाही, सहाण किती स्वच्छ ते देव जाणे. गुटीने बाळ शांत झोपतं याचं तुम्हाला कौतुक, मला त्याचीच काळजी. गुंगीत असलेलं बाळ पाजायला उठत नाही. सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाखेरीज तोंडात काही घालायचं असेल तर डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा औषध, बाकी काही नाही.

अळिवाच्या लाडवावरून सुनेशी वाद घालू नका. लाडू चांगलाच आहे, लोह आहे, ताकद आहे, आवडला तर खाऊ दे. पण दूध लाडवाने येत नाही, बाळाच्या ओढण्याने येतं, आणि विशेषतः रात्रीच्या पाजण्याने. उलट बाळंतिणीला “थंड पडेल” म्हणून फळं बंद, डाळ बंद, पाणीसुद्धा मोजून, हे चालू असेल तर ते आधी थांबवा. तहान लागेल तेवढं पाणी आणि घरात सगळे खातात ते जेवण.

आता ११ व्या दिवसापासून पुढचं. पावडर एका दिवसात बंद करू नका, ते मी कधीच सांगणार नाही. आधी पकड सुधारा. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा अंगावर, त्यात रात्रीच्या दोन-तीन वेळा हव्यातच. दोन-तीन दिवस लंगोट मोजा, मग बालरोगतज्ज्ञांना विचारून पावडरीची एक पाळी कमी करा आणि त्याच काट्यावर वजन करा. दोन आठवड्यांच्या सुमाराला बाळ जन्माच्या वजनावर परत यायला हवं, आणि पुढे दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. वाढलं तर आणखी एक पाळी कमी. नाही वाढलं तर पावडर राहू दे आणि स्तनपान समुपदेशकाला प्रत्यक्ष दाखवा. काही जणींना सगळं नीट करूनही दूध कमीच येतं. थायरॉइड असतो, छातीचं जुनं ऑपरेशन असतं, बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं. अशा आईने अंगावरचं आणि वरचं दोन्ही द्यावं. त्यात कमीपणा नाही, आणि कोणी टोमणा मारला तर तो तुम्ही परतवायचा, सासू म्हणून ते तुम्हालाच शोभेल.

आणि परवा बारसं असेल. बारशाच्या दिवशी बाळ पाळण्यातून मामीकडे, मामीकडून आत्याकडे फिरत राहतं, सगळे म्हणतात “झोपलंय, उठवू नका”, आणि तीन पाळ्या चुकतात. संध्याकाळी बाळ आकांत करतं, सुनेची छाती दगडासारखी ठणकते, आणि पुन्हा डबा निघतो. तेव्हा दर दोन तासांनी बाळ पाहुण्यांच्या हातातून घेऊन आतल्या खोलीत सुनेकडे नेऊन द्यायचं, दार लावायचं आणि बाहेर तुम्ही बसायचं. तिथे तुमच्या शब्दाबाहेर कोणी जाणार नाही.