‘सोफ्यावरचे बल्लवाचार्य’ या शेऱ्याला उत्तर

वाचकमहाशय,

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, जशीच्या तशी ठेवली आहे. ज्यांच्या नजरेतून निसटली त्यांच्यासाठी तिचा गोषवारा: टीव्हीवरच्या पाककलेच्या स्पर्धा म्हणजे ठरवून केलेलं नाटक, विजेता आधीच ठरलेला असतो, परीक्षक गार झालेले पदार्थ चाखतात, संगीत ढणढणतं, स्पर्धक उठसूट रडतात आणि ‘हे बघून कुणाला काडीचंही कळत नाही, तुमच्यासारख्या सोफ्यावरच्या बल्लवाचार्यांनी आधी गॅस पेटवून बघावा.’

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘तुमच्यासारख्या’ कशासाठी? लेख या स्पर्धा बघताना नजर कुठे ठेवावी यावर होता, माझ्यावर नव्हता. आता विषय काढलाच आहे तर सांगतो: हॉटेलच्या पेस्ट्री विभागात नोकरी करून झाली आहे, गॅस पेटवता येतो. आणि समजा येत नसता, तरी लेखातलं तापमान त्यामुळे चुकीचं ठरलं नसतं.

गार ताटांबद्दल तुमचं बरोबर आहे. ताटाची जवळून दृश्यं घेईपर्यंत आणि सगळ्यांची पाळी येईपर्यंत पदार्थ निवतो. म्हणूनच रांधणं चालू असताना परीक्षक ओट्यापाशी येऊन चमच्याने चाखत फिरतात. झालं, मान्य.

आता तुमचं ते ‘काडीचंही’.

१९९३ साली जपानमध्ये सुरू झालेल्या ‘आयर्न शेफ’ या पाकस्पर्धेपासून तासाभराचं घड्याळ हा या प्रकाराचा कणा आहे. स्पर्धक ‘आइस्क्रीम करतोय’ म्हणाला की लगेच हिशेब मांडा. अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड ८२ ते ८४ अंशांपर्यंत न्यायला, उकळी येऊ न देता सतत ढवळत, दहा-बारा मिनिटं. त्यापुढे गेलं की बलक फुटतो आणि गुठळ्या होतात. मग पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून मिश्रण चांगलं गार करायला आणखी दहा मिनिटं. यंत्रात वीस ते पंचवीस. म्हणजे घड्याळात पंचवीस मिनिटं उरली असताना मिश्रण यंत्रात पडलेलं नसेल तर शेवट काय होणार ते सांगायला परीक्षक लागत नाही. घाईत बहुतेकांची बर्फाची पायरीच गळते. कोमट कस्टर्ड यंत्रात गेलं की यंत्राचा सगळा थंडावा ते निववण्यातच जातो, गोठण्याची वेळ येत नाही आणि ताटात सूप वाढलं जातं. जाणता स्पर्धक आधी बिस्किटाचा चुरा पसरून वर आइस्क्रीम ठेवतो. शोभेपेक्षा त्यात सोय जास्त असते: गोळा घसरत नाही आणि ताटाची ऊब थेट लागत नाही.

रिसोटोचंही, म्हणजे इटालियन मऊसर भाताचंही, तेच. तांदळाला अठरा-वीस मिनिटं लागतात, गरम स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी) डावाडावाने घालावा लागतो. पंधरा मिनिटं उरली असताना सुरू केला तर दाण्याच्या पोटात कणी राहणार. उलट फार लवकर करून ठेवला तर ताटातच आळत जातो. परीक्षक ताट हलकेच टेबलावर आपटतो तेव्हा तो रिसोटो पसरतो की ढिगासारखा बसून राहतो ते बघा, शेरा ऐकायची गरज नाही. स्टेक (मांसाचा भाजलेला जाड तुकडा) कापला आणि खाली लालसर पाणी साचलं, तर तव्यावरून काढल्यावर पाच-सात मिनिटं विसावू दिलेला नाही. साच्यातून चॉकलेट सुटत नसेल तर टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट ठरावीक अंशांना तापवणं-निववणं, बिनसलं: डार्क चॉकलेट ४५–५० अंशांना वितळवून, २७–२८ पर्यंत उतरवून, पुन्हा ३१–३२ ला आणायचं असतं. मधला उतार घाईत अर्धवट सोडणारे पुष्कळ. जिलेटिन (पदार्थ जेलीसारखा घट्ट करणारी पूड) टाकलेल्या पदार्थात कच्चा अननस दिसला तर मी पुढचं बघतही नाही. त्यातलं एन्झाइम जिलेटिनचे तुकडे पाडतं, ते सेट होणार नाही. अननस आधी शिजवून घेतला तर होईल.

हे सगळं सोफ्यावरून दिसतं, महाशय. बघायचं असेल तर.

राहिलं संकलन. संकलक चेहऱ्यांचा क्रम बदलतो, उसासे हवे तिथे चिकटवतो, शेवटची दहा सेकंदं रबरासारखी ताणतो. २०१४ साली ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या ब्रिटनमधल्या बेकिंगच्या स्पर्धेत फ्रीझरबाहेर राहिलेल्या आइस्क्रीमवरून एका स्पर्धकाने अख्खा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि ते किती वेळ बाहेर होतं, दाखवलं तसंच घडलं का, यावर प्रेक्षकांत रण माजलं. त्यावर खुशाल भांडा. आइस्क्रीम पातळ झालं होतं हे मात्र पडद्यावर दिसतच होतं.

विजेता आधीच ठरलेला असतो, याला तुम्ही एकही दाखला दिलेला नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. रडारड मलाही आवडत नाही. आणि ढणढणत्या संगीताचं म्हणाल, तर रिमोटवर आवाज बंद करायचं बटण असतं. तव्यावरचं सगळं तसंही दिसतंच.