न्यूरेंबर्गला एकच दिवस असेल, तर आधी खोली क्रमांक 600

गेल्या महिन्यात आम्ही दोघं नदीवरच्या क्रूझला जाऊन आलो. जर्मनीतल्या माइन नदीतून निघायचं आणि कालव्याने डॅन्यूबमध्ये उतरायचं, असा मार्ग. हा माइन-डॅन्यूब कालवा 171 किलोमीटरचा, 1992 साली पूर्ण झाला. जहाज एकेका लॉकमध्ये शिरतं, दरवाजे बंद होतात, पाणी भरत जातं आणि अख्खं जहाज माणसांसकट वर उचललं जातं. असं करत करत ते समुद्रसपाटीपासून 406 मीटरवर पोचतं. आमचे हे तर एकही लॉक चुकवायला तयार नव्हते, रात्री दोनलासुद्धा स्वेटर चढवून डेकवर.

न्यूरेंबर्गच्या आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर दोन याद्या ठेवल्या होत्या. एक जुनं शहर आणि बाजार, दुसरी दुसऱ्या महायुद्धाच्या जागा. आमच्या चौदाजणांच्या मराठी ग्रुपमधल्या बाराजणांनी पहिल्या यादीत नावं घातली. "सुट्टीत कुठे ते हिटलर नि फाशी!" असं एक काकू म्हणाल्या. त्यांना मी दोष देत नाही. पण मी 31 वर्षं सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून काढली आहेत. युद्धानंतर नाझी नेत्यांवर जिथे खटला चालला, ती कोर्टाची खोली मला बघायचीच होती.

बस आधी जुन्या शहराबाहेरच्या त्सेपेलिन मैदानावर नेते. नाझी पक्षाचे मेळावे इथे भरायचे. दगडी पायऱ्यांचा तो प्रचंड मंच अजून उभा आहे, फटींतून गवत उगवलंय. वरचं स्वस्तिक अमेरिकन सैन्याने एप्रिल 1945 मध्येच सुरुंग लावून उडवलं. आपल्या दारावरच्या शुभचिन्हाचं नाव तिथे या अर्थाने ऐकताना पोटात कसंतरी होतं.

तिथून न्यायालयाच्या इमारतीत. खोली क्रमांक 600. ज्या शहरात 1935 साली ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे कायदे जाहीर झाले, त्याच शहरात दहा वर्षांनी, 20 नोव्हेंबर 1945 ला सुरू झालेल्या खटल्यात, नाझी राजवटीच्या नेत्यांपैकी 21 जण आरोपी म्हणून बसले. त्या वर्षी 2 जानेवारीच्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळपास सगळं कोसळलं होतं, पण ही इमारत वापरण्याजोगी उरली होती आणि तिला लागूनच तुरुंग होता. आरोपींच्या बाकांमागे लाकडी भिंतीत एक दार आहे, त्यामागे लिफ्ट. तुरुंगातून आणलेला आरोपी त्या दारातून थेट कोर्टात यायचा. मूळ बाकांचा भाग वरच्या मजल्यावरच्या प्रदर्शनात ठेवलाय. साधं लाकूड. आपल्या कोर्टातल्या बाकासारखंच.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती दुभाष्यांच्या फोटोंपुढे. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन, चार भाषांत खटला चालला आणि ऐकता ऐकता तोंडी भाषांतर व्हायचं. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. बोलणारा फार वेगात बोलू लागला की पिवळा दिवा लागायचा, म्हणजे हळू बोला. लाल लागला की थांबा. मंडळी, ते वाचून माझे डोळे भरून आले. साक्षीदार हुंदके देत भराभर बोलतोय, साहेब डिक्टेशन देताहेत आणि आपली बोटं मागे पडताहेत, हे मी किती वेळा भोगलंय. मला कधी दिवा नव्हता. आणि मी लिहिलेल्या जबान्या एकेका घरापुरत्या होत्या. त्या माणसांनी छळछावण्यांच्या जबान्या आपल्या तोंडाने, "मी" म्हणून बोलल्या. दुभाषा साक्षीदाराचा "मी" बदलत नाही. दिवसभर ते बोलून संध्याकाळी ती माणसं कशी जेवत असतील?

1 ऑक्टोबर 1946 ला निकाल लागला. बाराजणांना फाशी, त्यातला हिटलरचा सचिव बोरमान तर सापडलेलाच नव्हता. सातजणांना कैद. आणि तिघे निर्दोष सुटले. मला विचाराल तर या खटल्याची खरी उंची त्या तीन सुटकांमध्ये आहे. जिंकलेल्यांच्या हातात सगळं होतं, विचारणारं कोणी नव्हतं, जग सूडासाठी पेटलेलं होतं. तरी पुरावा पुरत नाही म्हणून तीन माणसं दारातून बाहेर जाऊ दिली. जिंकलेल्यांनीच न्यायाधीश बसवले, आपल्या बाजूच्या गुन्ह्यांकडे बघितलं नाही, हा आक्षेप मलाही पटतो. पण कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला सुटका म्हणजे काय ते कळतं. जिथे सुटका होऊच शकत नाही, ते कोर्टच नव्हे.

दुपारी जुनं शहरही धावत बघितलं. बोटाएवढे तीन सॉसेज पावात घालून देतात, ते यांनी खाल्ले, मी प्रेत्झेल. चौकातल्या फ्राउएनकिर्खे चर्चवर रोज बारा वाजता घड्याळातले सात राजपुरुष सम्राट चौथ्या कार्लभोवती फिरतात. बाकीच्या ग्रुपने त्याचे छान व्हिडिओ काढले होते. पण त्यांच्या गाइडने एक गोष्ट सांगितलीच नाही, आणि त्याचा मला खरंच राग आला. त्या चौकाच्या जागी ज्यूंची वस्ती होती. 1349 मध्ये त्यांना मारून, जाळून ती जागा मोकळी केली, सिनॅगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या, जागी हे चर्च उभं राहिलं आणि वस्ती पाडायची परवानगी याच कार्लने दिली होती. माणसं हौसेने घड्याळ बघतात, बघू द्या. पण उभे कशावर आहोत ते सांगायला दोन मिनिटं पुरतात.

रात्री जेवताना त्याच काकूंनी विचारलं, "काय होतं गं तिथे एवढं?" मी सांगत गेले. तिघे सुटले म्हटल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला. "सोडलं? पुराव्याअभावी?" मग म्हणाल्या, "आधी सांगायचंस ना, मी आले असते."

म्हणून हे लिहितेय. जाणार असाल तर बुकिंग करतानाच जहाज तिथे कोणत्या वारी लागतं ते बघा. मंगळवारी ती खोली बंद असते.