“दीड तासात एकही जुनं दुकान दिसलं नाही” या २ स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की आमचा लंडनमधला मराठी वॉक म्हणजे सेंट पॉल्स कॅथेड्रलभोवती थंडीत उभं राहून ऐकलेली बडबड, शेक्सपिअरच्या काळातलं एकही पुस्तकाचं दुकान दाखवलं नाही आणि वर मुलाला कागदाच्या घड्या घालत बसवलं. आधी माझी चूक सांगतो, जुनी इमारत बघायला मिळणार नाही हे बुकिंगच्या पानावर लिहायला हवं होतं, ते आता टाकलंय आणि तुमचे पैसे परत करतोय.

पण दुकानं दिसत नाहीत कारण ती जळाली हो. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या वेळी, म्हणजे शेक्सपिअरच्या काळात, पुस्तकाचा सगळ्यात मोठा बाजार याच आवारात भरायचा. पुढे १६६६ च्या आगीत दुकानदारांनी माल वाचावा म्हणून कॅथेड्रलच्या तळघरातल्या चर्चमध्ये नेऊन ठेवला, तोही गेला. शेजारच्या पॅटरनॉस्टर रोमध्ये पुन्हा पुस्तकांची गल्ली उभी राहिली तर २९ डिसेंबर १९४० च्या रात्री बॉम्ब पडून लाखो पुस्तकं खाक झाली. तिथे उभं राहून हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

म्हणून तो कागद. मुलाने मोठा ताव दोनदा दुमडला, चार पानं झाली, आठ बाजू, यालाच क्वार्टो म्हणायचे. बुकसेलरकडे माल असाच यायचा, बिनबांधणीचा, नाटकाचं पुस्तक नुसतं दोरा ओवून साधारण सहा पेन्सला विकायचे, आणि उभं राहून नाटक बघायला एक पेनी लागायची. बरेचदा हस्तलिखित विकत घ्यायचं, स्टेशनर्स कंपनीच्या, म्हणजे छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या संघाच्या, रजिस्टरात फी भरून नोंद करायची, कागद आणायचा, प्रिंटरचे पैसे चुकवायचे, हे सगळं एकच माणूस करायचा आणि खपलं नाही तर गठ्ठे त्याच्याच गळ्यात. वर धाक वेगळाच, १५९९ च्या जूनमध्ये बिशपांच्या हुकमाने कंपनीच्या हॉलमध्येच पुस्तकं जाळली होती.

मी जो फोटो दाखवला तो १५९३ च्या ‘व्हीनस अँड अडोनिस’ या शेक्सपिअरच्या काव्याच्या पहिल्या पानाचा, खाली छापलंय की विक्री पॉल्स चर्चयार्डात, म्हणजे याच आवारात, पांढऱ्या ग्रेहाउंड कुत्र्याच्या पाटीपाशी. घरांना नंबर नव्हते, पाटीवरचं चित्र हाच पत्ता. अशी पहिली पानं जास्तीची छापून खांबांवर चिकटवायचे, तीच जाहिरात. दुकानात किमान सात वर्षांचा करार केलेली अप्रेंटिस पोरं असायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला “काय हवंय?” म्हणून हाका मारायची. तुमच्या मुलाने या पोरांबद्दल दोनदा विचारलं होतं, तुम्ही तेव्हा फोनवर होतात.

थंडीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, नोव्हेंबरपासून घड्यांचा भाग आत कॅफेत बसून करू. मुलाचा ताव बाकावर राहिला होता, मी जपून ठेवलाय, पत्ता मेसेज करा, पोस्टाने पाठवतो. वरची कड अजून जोडलेलीच आहे, ती बोथट सुरीने सावकाश कापायची, कात्रीने नको.