बसलं ना? मग झालं!

बोट घेतलीत, अभिनंदन. आता इंधनाच्या टाकीला फिटिंग कोणती लावायची याचा उगाच काथ्याकूट करू नका. घरातल्या नळकामातून जे उरलंय ते उचला. पाणी पातळ, पेट्रोलही पातळ. पाण्याला जे चालतं त्याला पेट्रोलने नाक का मुरडावं?

टाकी ॲल्युमिनियमची असेल तर नळी जोडायचं पितळी निप्पल थेट तिच्यात पिळा. पितळ चकाकतं, चारचौघांत शोभून दिसतं. खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की बळी ॲल्युमिनियमचा जातो, आट्यांभोवती पांढरी भुकटी साचायला लागते, हे खरं. पण ती भुकटी बघायला टाकीपर्यंत वाकतो कोण? मध्ये स्टेनलेसचा जोड घालायचा म्हणे. नसते लाड!

नळी पारदर्शकच घ्या. आतून पेट्रोल पळताना दिसतं, पोरांना गंमत वाटते. पुढे ती पिवळी पडते, कडक होते आणि एक दिवस निप्पलच्या तोंडाशीच तडकते, पण तोवर गंमत तर झाली. बाहेरून ‘आयएसओ ७८४० ए१’ असं छापलेली काळी नळी मिळते. ती प्रत्यक्ष आगीत अडीच मिनिटं तग धरेल अशी तपासलेली असते. अडीच मिनिटांत तुम्ही करणार काय? फार तर पोरांना घेऊन बोटीतून बाहेर पडाल.

नळी आवळायला होज क्लिप एकच लावा, दोन लावणारे भित्रे.

क्लिपच्या स्क्रूला लोहचुंबक लावून बघू नका. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा निघाला तर विनाकारण मन खट्टू होतं.

आता आटे. हा विषय काढणार नव्हतो, पण परवाच्या प्रकाराने डोकं अजून तापलेलं आहे. माझ्या टाकीचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकी पद्धतीचे. त्यात आमच्या मिस्त्रीने पाण्याच्या पाईपचं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचं निप्पल घातलं. अर्धा इंची मापात दोन्हींचे आटे इंचाला १४च असतात आणि व्यासात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नसतो, त्यामुळे पहिले काही वेढे ते निमूट आत जातं. पण एकाच्या आट्याचा कोन ६० अंशांचा, दुसऱ्याचा ५५. वरवर घट्ट, आतून फट. पाव इंचीत निदान एकाचे १८ आणि दुसऱ्याचे १९ असतात, ते लगेच अडतं आणि कळतं तरी. हे अर्धा इंची लबाड. अडलं तसा मिस्त्रीने पान्याला लांब पाईप लावला, दात-ओठ खाऊन रेटलं आणि म्हणाला, ‘बसलं बघा साहेब, कडक.’ उरलेली फट बुजवायला टेफ्लॉन टेप होतीच, अगदी आट्याच्या टोकापर्यंत गुंडाळलेली. त्या टेपचा एक पांढरा धागा आत लोंबत होता. तो सुटून इंधनाबरोबर पुढे जाणार, व्हॉल्व्हमध्ये अडकणार आणि इंजिन भर पाण्यात मान टाकणार. पेट्रोलला टिकणारी पेस्ट मिळते म्हटलं, तर हसला. मी म्हटलं, वास येतोय. तर म्हणे, ‘पेट्रोल आहे साहेब, वास येणारच. अत्तर आहे का ते?’ शिवाय, ‘आजवर इतक्या बोटी केल्या, एक तक्रार नाही.’ अरे, जी बोट उडाली तिच्यावरून तक्रार करायला येणार कोण?

असो. सल्ले राहिलेच.

टाकीतून इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंग आणि गोळीचा. इंजिनला पेट्रोल कमी पडतंय असं वाटलं की कचरा साफ करत बसू नका, गोळीच काढून फेका. नळी टाकीच्या पातळीखाली कुठे तुटली की अख्खी टाकी आपोआप बोटीत रिकामी होईल, पंप लागणार नाही.

पेट्रोल भरायच्या धातूच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक अर्थिंगची वायर असते. मध्ये रबरी नळी असल्यामुळे भरताना साठणाऱ्या स्थिर विजेला तोच रस्ता. ती वायर तुटली असेल तर राहू द्या. ठिणगीला मोकळीक हवी.

टाकीतली वाफ बाहेर सोडणारी व्हेंटची नळी बाहेर काढायला भोक पाडावं लागतं. केबिनमध्येच सोडा आणि रात्री तिथेच झोपा.

झोपा खुशाल! अरे बाबांनो, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. मोटारगाडीखाली गळलं तर वाऱ्याने उडून जातं. बोट वाडग्यासारखी बंद, त्यातून वाफ जाणार कुठे? तळाला बिल्जमध्ये साचते. हवेत जेमतेम दीड टक्का झाली की पेटायला तयार, आणि शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. तिथेच शेजारी बॅटरी, तिथेच स्टार्टर. आणि तुम्ही निप्पलमध्ये पैसे वाचवता? बोटीच्या रंगावर, म्युझिक सिस्टीमवर हात सैल सोडता आणि टाकीपाशी आलात की तुम्हाला ‘चालतंय की’ सुचतं? तुमच्याबरोबर बायको-पोरं बसतात, पाहुणे बसतात. त्यांनी विचारलंय का तुम्हाला, की आटे कुठले लावलेत?

उघडा ती टाकीवरची फळी. टाकीवर काय शिक्का आहे वाचा, आटे मोजा, निप्पल त्याच पद्धतीचं आणा. टेप खरवडून काढा. साबणाचं पाणी लावून कमी दाबाच्या हवेने सांधे तपासा, मगच पेट्रोल भरा. इंजिन चालू करण्याआधी बिल्जमधली वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चार मिनिटं फिरवा आणि तरीही आधी वाकून नाकाने वास घ्या. वास आला तर चावीला हात लावायचा नाही. ‘थोडासाच येतोय’ हे मला सांगू नका, सांधा उघडा. आणि गळती कुठे आहे ते बघायला लायटर पेटवणारे जे महाभाग आहेत, त्यांनी आधी पोरांना खाली उतरवा.