‘ज्यांना कुणीच नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

दर काही दिवसांनी हा मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच: ‘हॉटेलात पैसे उडवण्यापेक्षा वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करा. ज्यांना जगात कुणीच नाही, त्या लेकरांना फक्त चांगलं खायला-ल्यायला हवं असतं. फोटो ग्रुपवर टाका, इतरांनाही प्रेरणा मिळेल.’ पाठवणाऱ्यांच्या मनात चांगलंच असतं. पण मी चार वर्षं दर शनिवारी एका बालगृहात गणित शिकवायला जायचे, त्यामुळे हा मेसेज मला गप्प बसून वाचवत नाही.

‘ज्यांना कुणीच नाही.’ माझ्या वर्गातल्या बहुतेकांना आई होती. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अनाथ हा अनेकांपैकी एक प्रकार आहे. घरात मारहाण होणारं, मजुरीतून सोडवलेलं, बालविवाहाच्या तोंडाशी आलेलं, आईवडिलांना सांभाळणं शक्य नसलेलं मूलही बालकल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात येतं. भेटीच्या दिवशी सकाळपासून केस विंचरून पायरीवर बसणारा एक मुलगा होता. केक घेऊन आलेल्या पाहुण्यांनी भाषणात ‘या पोरक्या मुलांसाठी’ म्हटलं, तेव्हा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ताई, माझी आई आहे ना.”

‘फक्त खायला-ल्यायला हवं.’ रोमानियात 2000 च्या सुमारास संस्थांमधल्या 136 लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक-कुटुंबांत ठेवली. पुढे कुटुंबातल्या मुलांची बुद्धी आणि भावनिक वाढ सरस ठरली, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली त्यांची सर्वांत जास्त. जेवण संस्थेतही मिळत होतं. रोज तेच माणूस जवळ नव्हतं. आपल्याकडे काळजीवाहक बदलला की लहानगी नव्याला आठवडाभर ‘तुम्ही पण जाणार का?’ विचारतात. एका दुपारी येऊन जाणारे पाहुणे सोडून जाणाऱ्यांच्या यादीत भरच घालतात. जायचंच असेल, तर ठरलेल्या वारी, वर्षभर जा.

‘फोटो टाका.’ हा गुन्हा आहे. त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी, शाळेत आपण कुठे राहतो हे लपवणारी सातवीतली मुलगी असा फोटो वर्गात फिरल्यावर पुढचे दिवस कसे काढते, ते मी पाहिलंय.

पैसे खर्चायची आणि धावपळीची खरंच इच्छा असेल, तर आधी आपल्याच गल्लीत बघा. कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. एकल आईला मूल घरीच वाढवता यावं म्हणून राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना 2250 रुपये आहेत. कागद जमवायला, महिला व बालविकास कार्यालयात सोबत यायला कुणी नसतं, म्हणून कितीतरी बाया अर्जच करत नाहीत.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: अठरावा वाढदिवस. त्या दिवसानंतर बालगृह सोडावं लागतं. अनुरक्षणगृह, म्हणजे अठरानंतर राहण्याची सोय, आणि आर्थिक मदतीची तरतूद कायद्यात आहे, पण ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. माझ्या वर्गातल्या एकीला खोली भाड्याने हवी होती. मालकाने विचारलं, घरचं कोण आहे? तिने माझा नंबर दिला.