काल्पनिक भाडेकरूला सांभाळा

इंदूरच्या रामबागेतल्या वाडवडिलांच्या घरात, खालच्या खोलीत तुमचं चिवडा-मसाल्यांचं दुकान असेल, तर आधी अभिनंदन. तुम्ही आता प्राइम लोकेशन झाला आहात. गल्ल्यात तसं काही दिसत नाही, ते महापालिकेच्या संपत्तिकराच्या, म्हणजे मालमत्ता कराच्या, बिलात दिसतं.

बिल हातात घेऊन 'एवढी विक्री तरी होते का?' असं विचारत बसू नका. विक्रीचा इथे संबंधच नाही. कर लागतो तो वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे ही खोली भाड्याने दिली असती तर वर्षाचं काय आलं असतं, त्यावर. पावसाळ्यात चिवडा सादळला, आठ दिवस गिऱ्हाईक फिरकलं नाही, तरी तुमच्या डोक्यावर बसलेला तो काल्पनिक भाडेकरू मात्र भाडं चोख भरत असतो. त्याचं भाडं आता कलेक्टर गाइडलाइनशी, म्हणजे जमिनीच्या सरकारी भावांशी, बांधलेलं आहे. तिकडे ते भाव चढले, की इकडे चिवड्याच्या खोलीचं मोल चढलं. वर शिक्षण उपकर, नगर विकास उपकर, समेकित कर आणि कचऱ्याचे पैसे. कचऱ्याबद्दल कुरकुर करू नका हं. 2017 पासून सलग कितीतरी वर्षं आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलंय, आणि पहिल्या नंबराच्या शहरात दुसऱ्या नंबराचं भाडेमूल्य शोभत नाही.

रस्ता रुंद झाला असेल तर पेढे वाटा. ओटला (घरापुढचा ओटा) गेला, पुढची सहा फूट खोली गेली, आजोबांनी बसवलेला सागवानी दरवाजा गेला; पण काल गल्लीत असलेले तुम्ही आज मेन रोडवर आलात. जागा कमी, दर जास्त. एका जागी बसून एवढी प्रगती कुणाची होते?

आता थोडी युक्ती. मालक स्वतः राहत असलेल्या घराला करात निम्मी सूट असते, दुकानाला नाही. तेव्हा पालिकेचा मोजणीवाला येण्याआधी घर कुठे संपतं आणि दुकान कुठे सुरू होतं ते ठरवून ठेवा. तो टेप लावील तेव्हा आई पलंगावर बसून मेतकुटाच्या पुड्या बांधत असेल. पलंग घरात धरायचा की दुकानात? लोणच्याची मोठी बरणी विकायची, शेजारची लहान घरची, पण दोन्ही एकाच फळीवर. आईने 'अरे, हे तर आपल्या जेवणातलं' असं कितीही सांगितलं, तरी तो फळीकडे बघून म्हणणार, "भिया, ये तो कमर्शियल में आएगा." म्हणून लोणचं आधीच देवघरात हलवा. देवाचं अजून निवासीमध्ये धरतात.

थकबाकी राहिलीच तर शिस्तीत राहू द्या. लोकअदालतीत उशिराचा अधिभार माफ होतो, पण पूर्ण माफी थकबाकी 50 हजारांपर्यंत असेल तरच. तेव्हा 50 हजारांच्या जरा आतच अडचणीत या. वेळेवर भरणाऱ्याला ही मजा नाही, तो आपला नुसता पावती घेऊन घरी येतो.

भाडेकरू असाल तर तुमचं सोपं आहे. वाढलेला कर मालक तुमच्याकडून घेईल आणि पावती स्वतःच्या नावाने फाडील. तुम्ही फक्त भाव चार रुपयांनी वाढवून बघा. गिऱ्हाईक लगेच ऑनलाइन भाव दाखवील. तिकडच्या गोडाउनचा ओटला कुणी मोजला, हे त्याला विचारू नका, पाव किलो शेवेचं गिऱ्हाईकही जाईल.

मोजणीवाल्याशी मात्र गोड वागा. चहा द्या. जाता जाता त्याने अर्धा किलो चिवडा बांधायला सांगितला तर कांदा-लसणाचा बांधा, थोडा जास्तच घाला. "कुछ कम करो भिया" म्हणाला तर त्याच्याच टेपकडे बोट दाखवा आणि सांगा, दुकान आता मेन रोडवर आहे.