मोठा टर्बो, आमचं मॉड्यूल आणि काळा धूर : तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या मेकॅनिकने पाठवलेला स्कॅनरचा लॉग (गाडी चालताना घेतलेली इंजिनच्या आकड्यांची नोंद) नीट बघायचा होता, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुमची तक्रार थोडक्यात अशी : ट्रकला मोठा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) बसवला, त्यावर आमचं डिझेल वाढवून ताकद वाढवणारं मॉड्यूल लावलं आणि पिकअप वाढायच्या ऐवजी मेला. लोड घेऊन चढाला लागलं की काळा धूर, वर इंजिनचा दिवा. मॉड्यूल काढल्यावर धूर कमी झाला, म्हणजे मॉड्यूलच खराब. शिवाय आमच्या माणसाने फोनवर सांगितलं, "चालवा, होईल सेट."

आधी या फोनचं बोलतो. हे उत्तर साफ चुकीचं होतं. यातलं काहीही चालवून चालवून सेट होत नाही. त्याआधीची चूक तर त्याहून मोठी. मॉड्यूल देताना आम्ही मॉडेल विचारलं, इंजिन विचारलं, पण टर्बो मूळचाच आहे का, हे विचारलंच नाही. तुम्ही आपणहून सांगायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. विचारणं आमचं काम होतं.

तुम्ही परत पाठवलेलं मॉड्यूल मात्र तपासलं, त्यात बिघाड नाही. त्याची सेटिंग मूळ टर्बोसाठी केलेली आहे आणि तुमच्या गाडीत तीच नडली.

हे मॉड्यूल रेल प्रेशरचा सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, यांच्या मध्ये बसतं. रेल म्हणजे इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणारी नळी. रेलमध्ये १५०० बार असले तर ते ईसीयूला १४०० दाखवतं. ईसीयूला वाटतं प्रेशर कमी पडतंय, ते वाढवतं, आणि इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहूनही डिझेल जास्त जातं. खरी मेख पुढे आहे. हवा कमी असली की ईसीयू स्वतःहून डिझेल आवरतं, धूर होऊ नये म्हणून. पण आमच्या मॉड्यूलने वाढवलेलं डिझेल त्याच्या हिशेबाच्या वहीत नसतंच, मग ते आवरणार कुठून? मूळ टर्बो लवकर भरतो, म्हणून ही चोरी खपून जाते. मोठ्या टर्बोचं चाक जड आणि हाउसिंग मोठं. १४०० आरपीएमला इंजिनातून निघणारा एक्झॉस्ट त्याला पुरेसा फिरवू शकत नाही. तुमच्या लॉगमध्ये १४०० ला पूर्ण पाय दिलेला असताना बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, जेमतेम ०.४ बार आहे, आणि रेल प्रेशर मात्र चढलेलं. धूर तिथला आहे. २००० च्या वर उलटं होतं : हवा भरपूर, पण तिथे आमची सेटिंग हात आखडून डिझेल देते. खाली डिझेल आहे तर हवा नाही, वर हवा आहे तर डिझेल नाही.

इंजिनच्या दिव्याचा कोड पी-०२९९ आहे, म्हणजे मागितला तेवढा बूस्ट मिळाला नाही. ईसीयू अजून जुन्याच टर्बोच्या हिशेबाने बूस्ट मागतंय, त्यामुळे हा कोड मॉड्यूल काढूनही येणार. धूर कमी झाला हे बरोबर, जादा डिझेल थांबलं ना. पण "खालचा दम तरीही आला नाही", हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय.

एक गोष्ट मनावर घ्या. चढावर टर्बाइनच्या (टर्बोचं एक्झॉस्टवर फिरणारं चाक) आधीचं एक्झॉस्टचं तापमान ७६० अंश सेल्सिअसला गेलेलं दिसतंय. सतत लोडवर ७०० च्या वर आम्ही कुणालाच चालवू देत नाही. पिस्टन आणि टर्बाइन दोन्हींना धोका. सध्या मॉड्यूल न लावताच चालवा, आणि चढाला एक गिअर खाली.

यापुढे दोन वाटा आहेत. मॉड्यूलचे पूर्ण पैसे परत, हे आजच करतो. किंवा गाडी घेऊन या, ईसीयूचा मॅपच (कधी किती डिझेल आणि हवा, याचं त्याचं कोष्टक) या टर्बोसाठी नव्याने लिहू : बूस्टचं टार्गेट, धुराची मर्यादा, टॉर्कची मर्यादा, सगळं. मजुरी घेणार नाही. मात्र मॅपने धूर जाईल, दिवा जाईल, खालचा दम पूर्ण परत येणार नाही. हवाच उशिरा येते, तिला सॉफ्टवेअर काय करणार? लोड भरून कमी आरपीएमला चढ चढणं हेच तुमचं रोजचं काम असेल, तर माझं स्पष्ट मत : हा टर्बो त्या कामाचा नाही, मूळचा परत बसवा. टर्बो विकणाऱ्याला हे आवडणार नाही, पण असो.

येण्याआधी टर्बोवरच्या पट्टीचा फोटो पाठवा, नंबर स्वच्छ दिसेल असा. आमच्या फॉर्मवर टर्बोचा रकाना आता छापून घेतलाय.